वॅट मागण्याआधी एकदा टॉवरवर माणूस चढवा

छोट्या एफएम केंद्रांच्या व्यवस्थापन समित्यांना, आणि त्यांच्या खर्चाला मंजुरी देणाऱ्या प्रत्येकाला,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी बहुतेकांना मी भेटलेलो नाही, पण तुमच्या बैठकीत काय बोललं जातं ते मला पाठ आहे. ‘आवाज पोहोचत नाही’ अशी तक्रार आली की उत्तर एकच निघतं: मोठा ट्रान्समीटर घेऊ. 50 वॅटचा आहे तो 100 चा करू, 100 चा आहे तो 300 चा करू. कोटेशनं मागवली जातात, देणगीदारांचे उंबरठे झिजवले जातात, पेटी येते, सुरू होते. आणि महिनाभरात तेच श्रोते तीच तक्रार घेऊन पुन्हा फोन करतात.

मी ट्रान्समीटर आणि अँटेना बसवायचं, दुरुस्त करायचं काम करतो. नवी पेटी बसवून दिली की माझं बिल मिळतं, त्यामुळे तुम्ही पेट्या घेत राहिलात तर माझं नुकसान काहीच नाही. तरीही हे लिहितोय, कारण लोकांनी पै-पै जमवून दिलेला पैसा केबलमध्ये उष्णता होऊन जाताना बघवत नाही. मागणं एवढंच, की पुढची पेटी मंजूर करण्याआधी टॉवर, अँटेना आणि त्या दोघांपर्यंत जाणारी केबल बघा. पैसा आधी तिथं घाला.

एका केंद्राची हकिगत सांगतो. नाव घेत नाही, कारण ही चूक त्यांची एकट्याची नाही. तिथं 50 वॅटचा ट्रान्समीटर काढून 100 वॅटचा बसवला होता. आधी जिथं खरखर यायची, तिथं अजूनही येतच होती. मी गेलो तेव्हा ऑपरेटरनं रजिस्टर पुढं केलं. दर तासाची नोंद, सुवाच्य अक्षरात: फॉरवर्ड 100, रिफ्लेक्टेड 4. म्हणजे जेमतेम 4 वॅट परत येतायत, बाकी सगळे हवेत जातायत, असा त्याचा समज. त्या मुलानं कामात काडीचीही कसूर केली नव्हती. मीटरच त्याची दिशाभूल करत होता.

आम्ही केबल खाली उतरवली. काळी, करंगळीहून बारीक, आरजी-58 जातीची, तीस मीटर. तिची दोन्ही टोकं ट्रान्समीटरच्या खोलीत आणली. एका टोकाला ट्रान्समीटर जोडला आणि दुसऱ्या टोकाला, जिथं एरवी अँटेना असतो तिथं, वॅटमीटर आणि डमी लोड, म्हणजे शक्ती हवेत न सोडता पोटात जिरवणारा अँटेनाचा बदली. 100 वॅट सोडले. पलीकडच्या मीटरचा काटा 21 वर येऊन थांबला. समितीचे दोन सदस्य मागं उभे होते. कुणी काही बोललं नाही. एकानं पुढं होऊन केबलच्या वेटोळ्यावर हात ठेवला. ती कोमट झाली होती.

मग मी वरच्या टोकाचा कनेक्टर उघडला. त्यावर साधी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली, उन्हानं कडक होऊन तडकलेली. सोलताना तिचे तुकडे पडले. कनेक्टर फिरवून काढला तर पाण्याचे दोन-तीन थेंब तळहातावर आले. मधली पिन हिरवी पडली होती. वरचं आवरण चाकूनं चिरत गेलो. आतली तांब्याची जाळी लखलखीत असायला हवी, ती काळी ठिक्कर. वीतभर चिरलं, हातभर चिरलं, तरी काळीच. पाणी वरून शिरून जाळीच्या धाग्याधाग्यातून खाली झिरपत गेलं होतं.

पाणी नसतं तरी ती केबल त्या कामाची नव्हतीच. 100 मेगाहर्ट्झला आरजी-58 दर 100 मीटरमागे सुमारे 16 डेसिबल खाते (डेसिबल हे शक्तीच्या घट-वाढीचं माप; दर 3 डेसिबलला शक्ती निम्मी होते). तीस मीटरमागे जवळजवळ 5 डेसिबल, म्हणजे कोरडी ठणठणीत असतानाही तीनातले दोन वॅट वाटेतच संपतात. थोडी जाड आरजी-213 घेतली तर हाच आकडा 100 मीटरमागे 7 डेसिबलच्या आसपास येतो, आणि अर्ध्या इंचाच्या फोमच्या फीडर केबलला 2.2 च्या आसपास. तीस मीटरला त्या फीडरमधून 100 पैकी 86 वॅट वर पोहोचतात. तोच टॉवर, तोच ट्रान्समीटर, फरक फक्त केबलचा.

आता मीटरचं. खालचा मीटर परत आलेली शक्ती दाखवतो. पण ती शक्ती वर जाताना एकदा कापली गेलेली असते आणि परत येताना दुसऱ्यांदा. 5 डेसिबल खाणाऱ्या केबलच्या वरच्या टोकाला अँटेनाच नसला, तुटून पडला असला, तरी पाठवलेल्या 100 वॅटपैकी खाली परत येतात जेमतेम 10 वॅट. एसडब्ल्यूआर (परत येणाऱ्या शक्तीवरून काढलेला आकडा; एक म्हणजे उत्तम, जितका जास्त तितका वाईट) दोनच्या आत दिसतो आणि ट्रान्समीटर बिनतक्रार चालत राहतो. केबल जितकी वाईट, तितकं खालचं रीडिंग चांगलं. म्हणून ‘रिफ्लेक्टेड कमी आहे’ एवढ्यावर कुणी तुम्हाला सगळं ठीक असल्याचं सांगितलं, तर वरच्या टोकाला किती वॅट पोहोचतात, असा प्रश्न विचारा. हा प्रश्न विचारायला इंजिनिअर असावं लागत नाही.

त्या केंद्रात आम्ही अर्ध्या इंचाची फीडर टाकली. कनेक्टरवर आपोआप चिकटून एकजीव होणारी रबरी टेप घट्ट ताणून लावली, तिच्यावर उन्हापासून जपणारी दुसरी. केबल खोलीत शिरते तिथं तिला खालच्या बाजूला एक झोळ दिला, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोळाशी गळून पडेल, आत येणार नाही. मग मुद्दाम जुना 50 वॅटचा ट्रान्समीटर जोडला. तो नव्यापेक्षा लांब ऐकू गेला. जाणारच, वर आता 43 वॅट पोहोचत होते, आधी 100 च्या पेटीतून 21 पोहोचत होते.

केबलपेक्षाही मोठा विषय उंचीचा आहे.

एफएमचा पट्टा 87.5 ते 108 मेगाहर्ट्झचा. या लहरींची लांबी तीन मीटरच्या आसपास असते. मध्यम लहरींसारख्या त्या जमिनीला बिलगून लांबवर जात नाहीत आणि रोजच्या रोज आकाशातून परतही येत नाहीत. त्या जवळपास नजरेसारख्या सरळ जातात. वातावरणात किंचित वाकतात, म्हणून डोळ्यांना दिसणाऱ्या क्षितिजाच्या थोड्या पुढं पोहोचतात, एवढंच. रेडिओ क्षितिज काढायचा हिशेब सोपा आहे: अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला 4.12 नं गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये येतं. 9 मीटरवरच्या अँटेनाला 12 किलोमीटर. 36 मीटरवरच्याला 25 किलोमीटर. श्रोत्याचा रेडिओ दीड मीटरवर असेल तर त्याचे आणखी पाच. हे सपाट जमिनीसाठी. मध्ये टेकडी आली की हिशेब बदलला. क्षितिजापलीकडे सिग्नल एकदम तुटत नाही, पण इतक्या झपाट्यानं ढासळतो की तिथं वॅट ओतत राहणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

क्षितिजाच्या अलीकडेही वॅटची पकड तुम्हाला वाटते तेवढी नाही. मोकळ्या अवकाशात शक्ती चौपट केली की अंतर दुप्पट होतं. पण जमिनीवर एक लहर थेट येते आणि दुसरी जमिनीवरून परावर्तित होऊन येते. लांबवर या दोघी एकमेकींना बऱ्याच अंशी मारून टाकतात. त्यामुळे तिथं दुप्पट अंतरासाठी सोळापट शक्ती लागते. उलटं मांडतो: शक्ती दुप्पट केली तर अंतर वाढतं एकोणीस टक्के. 10 किलोमीटरवर थांबणारं केंद्र 50 चे 100 वॅट करून 12 किलोमीटरवर जातं. आणि याच परिस्थितीत अँटेनाची उंची दुप्पट केली तर सिग्नल 6 डेसिबलनं वाढतो, म्हणजे शक्ती चौपट केल्यासारखं. 15 मीटरवरच्या 200 वॅटनी जे काम होईल, ते 30 मीटरवरचे 50 वॅट करतात. प्रत्यक्ष जमिनीवर हे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण तराजू कुठल्या बाजूला झुकतो ते बदलत नाही. शिवाय 200 वॅटच्या पेटीचं वीजबिल दर महिन्याला येतं. उंचीला वीजबिल नाही.

ज्यानं एफएम शोधलं त्याला हे सुरुवातीपासून ठाऊक होतं. एडविन आर्मस्ट्राँग यांना एफएमचे पेटंट 1933 च्या डिसेंबरमध्ये मिळाले. 1934 मध्ये त्यांनी चाचण्या घेतल्या त्या न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवरून, त्या वेळच्या जगातल्या सगळ्यात उंच इमारतीवरून. पुढं स्वतःचं केंद्र उभारायची वेळ आली तेव्हा त्यांनी न्यूयॉर्कजवळच्या अल्पाइन इथला हडसन नदीकाठचा उंच कडा निवडला आणि त्या कड्यावर वर आणखी मनोरा उभा केला. कडा असूनही मनोरा. ती त्यांची हौस नव्हती.

इथं एक अडचण प्रामाणिकपणे सांगायला हवी. टॉवर वाढवणं म्हणजे नुसते पाइप जोडणं नाही. वाऱ्याचा रेटा उंचीबरोबर वाढतो; ताणाच्या तारा, पाया, वीजरोधक, अर्थिंग हे सगळं नव्यानं बघावं लागतं. टॉवर पडला तर केंद्र बंद पडेलच, पण खाली माणसं असतात. म्हणून आधी जागेचा विचार करा. स्टुडिओ आहे तिथंच ट्रान्समीटर असायला हवा असं काही नाही. दोन-तीन किलोमीटरवर मोकळं टेकाड असेल, उंच टाकी किंवा इमारत असेल आणि परवानगी मिळत असेल, तर तिथं लहान मास्टवर अँटेना लावून स्टुडिओचा आवाज लिंकनं तिथवर नेणं स्वस्त पडू शकतं. उंची मोजताना टॉवरच्या पायथ्यापासून मोजू नका. टॉवरपासून साधारण 3 ते 15 किलोमीटरपर्यंतच्या जमिनीची सरासरी उंची काढा आणि तिच्या वर तुमचा अँटेना किती आहे ते बघा. खोलगट जागी उभारलेला तीस मीटरचा टॉवर या हिशेबानं शून्यावर येऊ शकतो.

आणि ‘आमच्या टॉवरवरून ते गाव स्वच्छ दिसतं, तरी आवाज का नाही?’ हा प्रश्न मला फार वेळा येतो. लहर म्हणजे दोरा नव्हे. 20 किलोमीटरच्या वाटेवर, अगदी मध्यावर, तिला पसरायला वरखाली 120 मीटरच्या आसपास मोकळी जागा हवी असते. छोट्या केंद्राला ती बहुधा मिळतच नाही. दिसणं ही पहिली पायरी आहे, शेवटची नाही.

अँटेनाबद्दल थोडक्यात. साधा अर्धलहरी डायपोल, म्हणजे लहरीच्या साधारण निम्म्या लांबीचा, मधोमध केबल जोडलेला दांडीचा अँटेना, तुमच्या फ्रीक्वेन्सीला कापलेला हवा: 143 ला मेगाहर्ट्झनं भागा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी मीटरमध्ये मिळेल. 100 मेगाहर्ट्झला 1.43 मीटर. दुसऱ्या केंद्राचा उतरवलेला अँटेना फुकट मिळाला म्हणून तसाच चढवलेला मी पाहिलाय. तो त्यांच्या फ्रीक्वेन्सीचा होता, आपल्या नाही. एकावर एक असे दोन डायपोल नीट अंतर राखून, नीट जोडणी करून लावले की क्षितिजाकडे जाणारी शक्ती जवळपास दुप्पट होते, कारण आकाशाकडे आणि पायथ्याशी वाया जाणारा भाग आडव्या दिशेला वळतो. एक डायपोल, ती भिजलेली केबल आणि 100 वॅट: हवेत गेले 21. दोन डायपोल, चांगली केबल आणि जुने 50 वॅट: क्षितिजाच्या दिशेनं 86 वॅटसारखा परिणाम. परवान्यात ज्याला प्रभावी विकिरित शक्ती म्हणतात ती हीच, आणि श्रोत्याला फरक पडतो तो याच आकड्यानं. पेटीवर छापलेल्या आकड्यानं नाही. मात्र डायपोलचे असे मजले वाढवत नेले की किरण अरुंद होतो आणि टॉवरच्या जवळची वस्तीच कोरडी राहू शकते. दिव्याखाली अंधार हा आमच्या कामात अगदी शब्दशः घडतो. डोंगरावर अँटेना असेल आणि वस्ती पायथ्याशी, तर हे आधीच तपासून घ्या.

डायपोल टॉवरच्या अंगाला लावला असेल तर टॉवरचं लोखंडही अँटेनाचाच भाग होतं. काही दिशांना सिग्नल वाढतो, काही दिशांना पडतो. ज्या बाजूची वस्ती महत्त्वाची, त्या बाजूला अँटेना टॉवरच्या पुढं यायला हवा. शेंड्यावर जागा असेल तर शेंडाच घ्या. लहरीचं तोंड, म्हणजे तिचं कंपन, उभं ठेवायचं की आडवं, की दोन्ही मिळून वर्तुळाकार, हा प्रश्न श्रोत्यांकडे बघून सोडवावा. गाड्यांचे अँटेना बहुधा उभे असतात, हातातल्या रेडिओची दांडी कशीही वळलेली असते. वर्तुळाकारात शक्ती दोन तोंडांत वाटली जाते, पण वाकडातिकडा धरलेला रेडिओही बोलतो. श्रोते मुख्यतः गाडीत असतील तर माझं मत उभ्याच्या बाजूनं आहे.

आता एक सुधारणा, जिला जवळपास खर्चच नाही. तुमचं केंद्र मुख्यतः बोलण्याचं असेल, म्हणजे बातम्या, मुलाखती, माहिती, तर स्टिरिओ बंद करून मोनोवर या. स्टिरिओत डाव्या-उजव्या आवाजातला फरक 38 किलोहर्ट्झच्या भोवती बसवलेला असतो आणि एफएममध्ये खरखर वरच्या फ्रीक्वेन्सीकडे वाढत जाते. त्यामुळे सिग्नल कमजोर झाला की स्टिरिओ आधी गळतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत, ग्रामीण भागात दुसऱ्या केंद्राचा अडथळा नसताना, मोनोला 48 आणि स्टिरिओला 54 डेसिबल-मायक्रोव्होल्ट प्रति मीटर इतकी क्षेत्रतीव्रता, म्हणजे श्रोत्याच्या जागी पोहोचणाऱ्या सिग्नलचा जोर, लागते असं धरलंय. 6 डेसिबलचा फरक, म्हणजे चौपट शक्तीचा. मोठ्या शहरात हेच आकडे 70 आणि 74 वर जातात, कारण तिथं विजेच्या उपकरणांचा गोंगाट आणि इमारतींची गर्दी असते. एकट्या माणसाच्या आवाजाला डावं-उजवं नसतं. ज्या वेळी संगीताचे कार्यक्रम असतील त्या वेळी हवं तर स्टिरिओ पुन्हा सुरू करा.

त्याच्याच जोडीला मॉड्युलेशन, म्हणजे लहरीवर आवाज किती चढवलाय ते बघा. 75 किलोहर्ट्झपर्यंत डेव्हिएशनची (आवाजानुसार फ्रीक्वेन्सी हलण्याची) मुभा असताना कित्येक केंद्रं निम्म्यावर चालतात. श्रोता आवाज वाढवतो, त्याबरोबर खरखरही वाढते, आणि तो म्हणतो सिग्नल नाही. सिग्नल असतो, त्यावर आवाज चढवलेला नसतो. चांगला लिमिटर (आवाज ठरलेल्या मर्यादेपुढं जाऊ न देणारं यंत्र) लावून, मोजून, मर्यादेच्या जवळ राहा. मर्यादा ओलांडू नका, नाहीतर शेजारच्या केंद्रावर सांडाल आणि साध्या रेडिओवर तुमचाच आवाज फाटेल.

मर्यादेवरून पुढचं बोलतो, आणि हे कळकळीनं बोलतो. परवान्यात शक्तीचा आकडा असतो, अँटेनाच्या उंचीचाही असतो. दोन्हीतलं काहीही बदलायचं तर आधी नियामकाला विचारा. उंची वाढवली तरी आपण कुणाला त्रास देत नाही, असं समजू नका. तुमच्याच फ्रीक्वेन्सीवरचं दूरचं केंद्र कुणाच्या तरी घरी ऐकलं जातं. चोरून बसवलेला बूस्टर तर कधीच नको. त्यात फिल्टर बहुधा धड नसतो. एफएमचा पट्टा 108 मेगाहर्ट्झला संपतो आणि त्याच्या लगेच वर विमानांच्या दिशादर्शनाचा आणि वैमानिकांच्या बोलण्याचा पट्टा सुरू होतो. बिघडलेल्या अँप्लिफायरमधून निघालेल्या नकोशा फ्रीक्वेन्सी तिथं पडल्या, तर उतरणाऱ्या विमानाच्या कानात तुमची खरखर जाते. आपल्या तीन किलोमीटर जास्तीच्या रेंजसाठी हा धोका कुणी पत्करू नये.

‘आमची रेंज 20 किलोमीटर’ असं लिहून नकाशावर कंपासनं वर्तुळ काढायची पद्धतही सोडा. जमीन गोल कापलेली नसते. रेंज मोजायची असेल तर एक गाडी, एकच रेडिओ आणि एक वही घ्या. टॉवरपासून आठ दिशांना जा. दर किलोमीटरला थांबून तीनपैकी एक खूण करा: स्वच्छ, खरखरीत, नाही. सगळीकडे तोच रेडिओ, त्याच स्थितीत. गाडीचा रेडिओ हा मोबाइलमधल्या रेडिओपेक्षा खूप सरस असतो, म्हणून गाडीत मिळालेली रेंज घरात मिळेल असं धरू नका; जमेल तिथं उतरून हातातल्या रेडिओवरही ऐका. दोन दिवसांत जो वेडावाकडा आकार मिळेल तीच तुमची रेंज. कुठं टेकडीची सावली आहे, कुठं दुसरं केंद्र दाबतंय, हे त्यातून दिसतं. एफएममध्ये दोन केंद्रांचा सामना झाला की थोडासा जोरकस असलेला जिंकतो आणि दुसऱ्याला जवळपास गिळून टाकतो, त्यामुळे काही जागी तुमचा सिग्नल असूनही ऐकू येणार नाही. अशा जागांवर वॅट वाढवण्यापेक्षा सावलीतल्या वस्तीसाठी छोटा रिले, म्हणजे तोच कार्यक्रम तिथून पुन्हा सोडणारा ट्रान्समीटर, मागणं जास्त उपयोगाचं ठरतं.

एखाद्या शांत, उबदार पहाटे तीनशे किलोमीटरवरून फोन येईल की तुमचं केंद्र ऐकतोय. आनंद माना, पण अहवालात लिहू नका. हवेचे थर एकावर एक बसून नळीसारखी वाट तयार होते आणि लहर तिच्यातून लांब जाते; दिवस चढला की वाट मोडते. तुमची रेंज म्हणजे जिथं मंगळवारी दुपारीही ऐकू येतं ती.

अशाच एका फेरीत मी एका श्रोत्या आजींच्या खिडकीत थांबलो होतो. खिडकीच्या कट्ट्यावर खडूनं चौकोन आखलेला होता, आणि रेडिओ बरोबर त्या चौकोनात. ‘इथून हलवला की बोलायचा बंद होतो,’ त्या म्हणाल्या. मी रेडिओ उचलून हळूहळू सरकवला. पाऊण मीटरवर आवाज पूर्ण खरखरीत गेला, आणखी तेवढाच सरकवल्यावर परत आला. समोरच्या इमारतीवरून परतलेली लहर थेट लहरीला काही ठिकाणी साथ देत होती, काही ठिकाणी मारत होती, आणि तीन मीटरच्या लहरीसाठी या जागा असाच पाऊण-पाऊण मीटर सोडून येतात. आजींनी भौतिकशास्त्र शिकलं नव्हतं, पण प्रयोग अचूक केला होता. मी रेडिओची दांडी बघितली. अर्धीच ओढलेली होती. पूर्ण ओढली, साधारण 75 सेंटीमीटर, म्हणजे लहरीचा चौथा भाग. खडूचा चौकोन एकदम ऐसपैस झाला.

म्हणून रोज एकदा, अर्ध्या मिनिटात, निवेदकाला हे सांगायला लावा: दांडी पूर्ण ओढा, उभीआडवी करून बघा, रेडिओ खिडकीजवळ न्या, चार्जर आणि एलईडी दिव्यांपासून दूर ठेवा, मोबाइलवर ऐकत असाल तर इअरफोनची वायर लांब सोडा कारण तीच तिथं अँटेना असते. श्रोत्याकडे मिळालेले 6 डेसिबल आणि टॉवरवर मिळवलेले 6 डेसिबल यांची किंमत सारखीच, फक्त श्रोत्याकडचे फुकट पडतात.

हे सगळं केल्यावरही वॅट कमी पडले, तर मोठा ट्रान्समीटर जरूर घ्या. मी स्वतः बसवून देईन. पण पुढच्या बैठकीत कोटेशन उघडण्याआधी टेबलावर तीन आकडे मागा: आसपासच्या जमिनीपेक्षा अँटेना किती उंच आहे, केबल कोणत्या जातीची आणि किती मीटर आहे, आणि तिच्या वरच्या टोकाला किती वॅट पोहोचतात. तिसरा आकडा कुणाकडेच नसेल, तर त्याच आठवड्यात, पाऊस सुरू होण्याआधी, जाणकार माणूस वर पाठवा. तो चढण्याआधी ट्रान्समीटर बंद करा, कारण चालू अँटेनाजवळ हात नेणं भाजणारं असतं. आणि बंद केल्यावर खोलीला कुलूप लावून किल्ली खाली कुणाकडे ठेवू नका, त्याच्या खिशात द्या.

आपला,
टॉवरवर चढणारा एक तंत्रज्ञ